चाकावरचे घर: कुणाची सुट्टी, कुणाचा गुन्हा?



भीमजयंतीच्या तयारीच्या आठवड्यात आमच्या कार्यकर्त्यांच्या मोबाईल गटावर एकाच संध्याकाळी दोन गोष्टी आल्या. पहिली गोष्ट फोटोंची. आमच्यातलाच एक साथी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेला आहे. ईस्टरच्या सुट्टीत वर्गमित्रांसोबत त्याने एक कॅराव्हॅन भाड्याने घेतली आणि चार दिवस ते गावोगाव हिंडले. पांढरी चाकावरची खोली, आत गॅसची शेगडी, बाहेर घडीच्या खुर्च्या, मागे हिरवे माळ, पायवाटेच्या फाटकाशी उभी पोरं आणि एव्हबरी नावाच्या गावातले माणसाच्या दुप्पट उंचीचे प्राचीन दगड. फोटोंखाली आमच्या एका तरुणाने लिहिले, "असं फिरायला नशीब लागतं."

दुसरी गोष्ट होती एका अर्जाची प्रत. आमच्याच वस्तीतल्या रहिवाशांनी नगरपालिकेला दिलेला अर्ज. विहाराशेजारच्या मोकळ्या मैदानात महिनाभरापासून भटक्या जमातीच्या अकरा कुटुंबांची पालं पडली आहेत. अर्जात तीन मागण्या होत्या: पालं हटवावीत, या लोकांची पोलिसांकडून चौकशी करावी आणि विहाराच्या नळावरून त्यांना पाणी देणे बंद करावे. खाली सह्या होत्या. त्यात आमच्या ओळखीच्या, आमच्या घरातल्याही सह्या होत्या. तिसरी मागणी तर नगरपालिकेची वाट न बघताच अमलात आली होती. नळाच्या पेटीला कुलूप लागले होते.

फोटोखाली ज्याने "नशीब" लिहिले, त्याची सही अर्जावरही आहे. त्याला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. तो आमचाच आहे, आणि त्याच्या जागी कदाचित आम्हीही सही केली असती. पण एकाच माणसाला एका चाकावरच्या घराचा हेवा वाटतो आणि दुसऱ्या फिरत्या घराचा राग येतो, हे कसे घडते? याचे उत्तर इतिहासात आहे. तो इतिहास इंग्लंडचा आहे आणि आपलाही आहे. येत्या रविवारी विहारात या अर्जावर बैठक आहे. त्याआधी तो सर्वांनी वाचावा म्हणून आम्ही लिहीत आहोत.

त्या फोटोंमध्ये चार गोष्टी दिसतात: सुट्टी, पायवाट, प्राचीन स्थळ आणि गाडी. यातली एकही गोष्ट नशिबाने मिळालेली नाही. प्रत्येकीमागे कायदा आहे, आणि प्रत्येक कायद्यामागे कुणाचा तरी संघर्ष किंवा कुणाचे तरी विस्थापन आहे.

सुट्टी

ईस्टरच्या सोमवारी इंग्लंडात सार्वजनिक सुट्टी असते. ती १८७१ च्या बँक हॉलिडेज कायद्याने आली. हा कायदा संसदेत आणणारे सर जॉन लबक हे बँकमालक, लिबरल खासदार आणि चार्ल्स डार्विनचे शेजारी व स्नेही होते. सुरुवातीला ही सुट्टी बँकांपुरती होती, मग दुकाने व कारखान्यांनीही ती पाळायला सुरुवात केली. पण सुट्टी मिळणे वेगळे आणि सुट्टीचा पगार मिळणे वेगळे. हातावर पोट असलेल्या कामगाराला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. पगारी रजेचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली झाला, तोही कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर.

आपल्याकडे पगारी रजेचा कायदा कुणी आणला? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांनी मांडलेल्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीतून १९४५ साली बारमाही कारखान्यात वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ साली कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आज कोणत्याही जातीचा कामगार रजा टाकून बायकापोरांना घेऊन गावी जातो, तेव्हा त्या रजेच्या मुळाशी बाबासाहेबांचे हे काम आहे. फिरायला जाणे ही चैन आहे, चळवळीच्या माणसाला ती शोभत नाही, असे म्हणणारे आपल्यातले काही ज्येष्ठ आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावे. श्रम करणाऱ्याच्या हाती स्वतःचा मोकळा वेळ असणे ही समतेची मागणी आहे. मनुस्मृतीच्या व्यवस्थेत शूद्रासाठी सेवा होती, सुट्टी नव्हती.

पायवाट

फोटोत आमचा साथी माळावरच्या पायवाटेने चालताना दिसतो. हा माळ एकेकाळी सगळ्या गावाचा होता. गरीब माणूस तिथे गाय चारी, सरपण वेची. मग संसदेने कायदे करून या सामाईक जमिनींना कुंपणे घातली. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा पाचवा हिस्सा, कुंपणाआड गेला. ज्या संसदेने हे कायदे केले, तिच्यात बसणारे बहुतेक लोक जमीनदारच होते. जमीन गमावलेला गरीब माणूस मँचेस्टर, शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत गेला. त्याच्या नातवाला रविवारी मोकळी हवा खावीशी वाटली, तेव्हा आजोबाच्याच माळावर त्याला 'प्रवेश बंद' अशी पाटी दिसली.

मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधोमध किंडर स्काउट नावाचे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. तिथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरसारख्या बड्या जमीनदारांची शिकारीची राने होती. वर्षातले मोजके दिवस श्रीमंत पाहुणे ग्राउस पक्ष्यांची शिकार करत आणि त्यासाठी वर्षभर रखवालदार लोकांना हाकलत. जुन्या, प्रतिष्ठित पदभ्रमण संघटना विनंत्या करत होत्या. डोंगर खुले करण्याचे पहिले विधेयक १८८४ सालीच संसदेत आले होते. जवळपास ५० वर्षे अर्जविनंत्या झाल्या, पाट्या तशाच राहिल्या.

२४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावाजवळच्या एका दगडखाणीत सुमारे ४०० तरुण कामगार जमले. बेनी रॉथमन हा त्यांचा नेता २० वर्षांचा होता, स्थलांतरित यहुदी कुटुंबातला, त्या वेळी बेकार. ते उघडपणे, आधी जाहीर करून, बंदी असलेल्या पठारावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली. परतताना पोलिसांनी सहा जणांना धरले. परवानगीशिवाय जमिनीवर पाऊल ठेवणे हा फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून दंगल आणि मारहाणीचे आरोप लावले गेले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले. प्रतिष्ठित संघटनांनी या आततायी पोरांचा निषेध केला होता. पण शिक्षांची बातमी पसरताच जनमत फिरले. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात प्रवेश यांचा कायदा झाला. १९५१ साली ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान याच परिसरात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये, घोषित झाले. २००० साली डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर चालण्याचा कायदेशीर हक्क आला. २००२ साली, ७० वर्षांनंतर, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरने आपल्या आजोबांच्या कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली. तरीही हा हक्क आज इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के भूमीवर आहे. लढाई संपलेली नाही.

हे वाचताना तुम्हाला महाड आठवले असेल. आठवायलाच हवे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेल्या आपल्या लोकांकडेही कागदावर हक्क होता. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. कागदावरचा हक्क पावलांनी चालून जिवंत करावा लागला. तिथेही सनदशीर वाट बघा सांगणारे शहाणे होते. पण हे दोन लढे एकसारखे नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. किंडरच्या कामगाराला ड्यूकने जमिनीवरून हाकलले, पण त्याच्या स्पर्शाने डोंगर बाटला असे म्हटले नाही. पठारावरून खाली उतरल्यावर तो कोणत्याही झऱ्याचे पाणी पिऊ शकत होता. महाडला आपल्या माणसांनी पाणी प्यायल्यावर तळे शुद्ध करून घेतले गेले. वर्गाची भिंत आणि जातीची भिंत यांतला फरक विसरून परदेशी इतिहास वाचला, तर आपण आपलाच अनुभव हलका करतो. महाडचा न्यायालयीन निकालही १७ मार्च १९३७ ला, तब्बल दहा वर्षांनी लागला.

प्राचीन स्थळ

एव्हबरीचे दगडी वर्तुळ साडेचार हजार वर्षांहून जुने आहे आणि जगातले सर्वांत मोठे मानले जाते. जवळच सिल्बरी हिल ही माणसांनी मातीने रचलेली सुमारे ४० मीटर उंच टेकडी आहे. स्टोनहेंजसोबत हा परिसर १९८६ पासून जागतिक वारसा आहे. मात्र १७ व्या आणि १८ व्या शतकांत गावकरी हे दगड आग लावून तापवत, त्यावर गार पाणी ओतून फोडत आणि घरांना वापरत. १८७१ च्या सुमारास वर्तुळाच्या आतच नवी घरे होणार होती, तेव्हा एका माणसाने ती जमीन विकत घेऊन ते थांबवले. तो माणूस म्हणजे बँक हॉलिडेवाले तेच सर जॉन लबक. पुढे १८८२ साली प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा ब्रिटनमधला पहिला कायदा त्यांनीच करून घेतला. १९०० साली उमराव झाल्यावर त्यांनी पदवी घेतली, लॉर्ड एव्हबरी. म्हणजे सुट्टीही त्यांची आणि सुट्टीत बघायचे स्थळही त्यांनीच वाचवलेले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वारसा जपणे चांगलेच. पण वारसा कुणाला मोकळा करून दाखवायचा, हा प्रश्न उरतो. १९३० च्या दशकात एका धनाढ्य हौशी पुरातत्त्वज्ञाने एव्हबरीत पडलेले दगड पुन्हा उभे केले, आणि त्यासाठी वर्तुळातली गावकऱ्यांची घरे पाडून त्यांना बाहेर वसवणे सुरू झाले. दगड परतले, माणसे गेली.

त्याच दशकात, १९३४ साली, आपल्याकडे एक सहल निघाली होती. बाबासाहेब आणि चळवळीतले सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले. तेवढ्यात अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर कुठेही पाण्याला हात लावणार नाही या अटीवर आत सोडण्यात आले, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक सशस्त्र शिपाई सोबत दिला गेला.

विचार करा. लंडन आणि न्यूयॉर्कच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत देशाच्या घटनेवर बोललेला माणूस सहकाऱ्यांसोबत सहलीला जातो, आणि ऐतिहासिक स्थळ बघताना त्याच्यावर बंदूकधारी पहारा असतो, कशासाठी, तर त्याने पाण्याला शिवू नये म्हणून. ओरडा करणारे त्या ठिकाणी मुसलमान होते. अस्पृश्यता हिंदू धर्माच्या सीमेवर थांबत नाही, ती शेजाऱ्यालाही लागते, हे बाबासाहेबांना त्यातून दाखवायचे होते.

ती शेजाऱ्याला लागते. मग ती आपल्यालाही लागू शकते का? आमच्या विहाराच्या नळावरचे कुलूप याचे उत्तर देत आहे.

गाडी

आता राहिली कॅराव्हॅन. चाकावरच्या घरात राहणारे इंग्लंडमधले जुने लोक म्हणजे जिप्सी, रोमानी. त्यांच्या भाषेचे मूळ भारतात आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून पश्चिमेकडे सरकत गेले. दोनला ते दुई म्हणतात, पाचला पांज, आणि पाण्याला पानी. इंग्लंडमध्ये ते इजिप्तहून आले असे समजून त्यांना 'इजिप्शियन' म्हटले गेले. १५३० साली त्यांना देशाबाहेर काढण्याचा कायदा झाला. १५५४ च्या कायद्याने देशात राहिल्यास देहदंड ठेवला. १७८३ पर्यंत असे कायदे पुस्तकात होते. १८३५ च्या महामार्ग कायद्यात रस्त्याकडेला तंबू ठोकणाऱ्या जिप्सीला दंड होता.

याच घरांची हौस श्रीमंतांना लागली ती १८८५ साली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टराने ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची ऐटबाज घोडागाडी बनवून घेतली आणि दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडच्या इनव्हरनेसपर्यंत सुमारे १,३०० मैल फिरला. सोबत गाडीवान आणि नोकर होता. तो स्वतःला 'सभ्य जिप्सी' म्हणवून घेई. 'सभ्य' हा शब्द आधी लावावा लागला, यातच सारे आले. त्याच दशकात खऱ्या फिरस्त्यांच्या गाड्यांची नोंदणी व तपासणी करण्याची विधेयके संसदेत येत होती. जत्रेतल्या खेळवाल्यांनी १८८९ साली स्वतःची संघटना बांधली आणि ती हाणून पाडली. संघटित झाले म्हणून ते वाचले. १९०७ साली हौशी लोकांचा कॅराव्हॅन क्लब निघाला आणि चाकावरचे घर ही मध्यमवर्गाची वसंतातली मौज बनली.

दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या वाढल्या आणि १९६० साली कॅराव्हॅन उभी करण्याच्या जागांसाठी परवान्याचा कायदा आला. ग्रामीण कौन्सिलांना सामाईक माळावर कॅराव्हॅन उभी करण्यास बंदी घालता येऊ लागली. जिप्सींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे थांबे बंद झाले. पण याच कायद्यात मान्यताप्राप्त क्लबांना सूट होती: त्यांच्या सदस्यांसाठी पाच गाड्यांपर्यंतच्या छोट्या जागा परवान्याविना चालू शकत. वस्तू एकच, चाके तीच, चूल तीच. क्लबच्या सदस्यासाठी ती सुट्टी होती, जिप्सीसाठी अतिक्रमण. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो की गुन्हा हा कृतीत नसतो, ती कृती कोण करतो यावर समाज शिक्का ठरवतो. याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला सापडले नाही.

ही अन्यायाची बाजू संसदेत कुणी मांडली? एरिक लबक या लिबरल खासदाराने. त्याने खासगी विधेयक आणून १९६८ चा कॅराव्हॅन साइट्स कायदा करून घेतला. जिप्सींना थांबण्यासाठी जागा देणे हे १९७० पासून स्थानिक कौन्सिलांचे कर्तव्य ठरले. हा एरिक लबक म्हणजे सर जॉन लबक यांचा नातू. आजोबांनी नोकरदारांना सुट्टी दिली, नातवाने गाडीत जन्मलेल्यांना थांबा दिला. पुढे तो लॉर्ड एव्हबरी झाला. तो बौद्ध होता. आणि ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश व्हावा म्हणून लॉर्ड्स सभागृहात दुरुस्ती आणून लढणाऱ्यांमध्ये हेच लॉर्ड एव्हबरी होते. जिप्सींना वंश म्हणून कायद्याचे संरक्षण असल्याचे तिथल्या न्यायालयाने १९८८ सालीच मान्य केले होते. जातीचा उल्लेख मात्र सरकारने ठरवले तर लागू करता येईल एवढाच राहिला. २०१३ साली संसदेने ते बंधनकारक केले, तरी सरकारने अंमल केला नाही आणि २०१८ साली माघार जाहीर केली. जातीने वर असलेल्या भारतीयांच्या तिथल्या काही संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता.

१९६८ चे कर्तव्यही टिकले नाही. १९९४ च्या कायद्याने ते काढून टाकले. २०२२ च्या कायद्याने तर जागामालकाच्या इच्छेविरुद्ध गाडीत मुक्काम करणाऱ्याला, काही अटींवर, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि त्याची गाडी, म्हणजे त्याचे घर, जप्त करण्याची तरतूद केली. हक्क मिळाला म्हणून झोपून राहिले तर तो काढून घेतला जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपले १८७१

आता १८७१ कडे परत या. लंडनमध्ये नोकरदारांना सुट्टी देणारा कायदा झाला, एव्हबरीचे दगड वाचवले गेले. त्याच वर्षी त्याच साम्राज्याच्या भारत सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. तो मांडताना वापरलेला युक्तिवाद जातिव्यवस्थेकडूनच उसना घेतला होता: इथे धंदा जसा पिढीजात, तसा गुन्हाही पिढीजात. सुरुवातीला उत्तर भारतात, आणि १९११ च्या कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही. जमातीची नोंद, हजेरी, गाव सोडायला पास, तारेच्या कुंपणाची सेटलमेंट. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी अजून जिवंत आहेत. पाळण्यातले पोरही गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून विमुक्त दिन. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी.

कायदा गेला, शिक्का राहिला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेले. मुले पळवणारे असल्याच्या अफवेवरून जमावाने त्यांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले होते आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्यांचा जीव गेला. आपल्या वस्तीच्या अर्जातली "पोलिसांकडून चौकशी करावी" ही ओळ याच वाटेवरची पहिली पायरी आहे. सही करणाऱ्यांचा तसा हेतू नाही, हे आम्हाला माहीत आहे. राईनपाड्यातही सुरुवात संशयानेच झाली होती.

वस्तीतले आक्षेप

आम्ही घरोघर जाऊन बोललो. आक्षेप तीन आहेत आणि ते टाळून चालणार नाही.

पहिला, घाण होते. खरे आहे. अकरा कुटुंबांना एकही शौचालय नाही. मग अर्ज शौचालयासाठी करायला हवा. आपल्या वस्तीत नळ आणि शौचालय नव्हते तेव्हा गावही आपल्याला घाणेरडे म्हणत होते. घाण ही सोयीच्या अभावाची असते, रक्ताची नसते. हे आपण तीन पिढ्या जगाला सांगत आलो.

दुसरा, चोरी होते. दोन सायकली गेल्या आहेत. त्याची तक्रार जरूर द्या, आम्ही सोबत येतो. पण तक्रार चोराविरुद्ध असते, जमातीविरुद्ध नसते. आडनाव ऐकून खोली नाकारली गेल्याचा अनुभव आपल्यातल्या किती जणांना आहे? शिक्का म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागू नये.

तिसरा, जयंतीच्या कार्यक्रमाला मैदान लागते. हा आक्षेप योग्य आहे. आम्ही पालांतल्या म्हाताऱ्या बाबांशी बोललो. ते म्हणाले, "सांगा कुठं सरकायचं ते, आम्ही सरकतो. आमचं काय, रोजचंच आहे." दोन दिवस मैदानाच्या कडेला सरकायला ते तयार आहेत. त्यांना विचारायला आपल्यातले कुणी महिनाभर गेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते: ते आपले नाहीत, बाबासाहेबांचे नाव घेत नाहीत. चवदार तळे आपण फक्त आपल्या जातीसाठी खुले केले का? 'उपरा'कार लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने २००७ साली मुंबईत भटक्या-विमुक्तांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली. ज्यांनी आपल्या दाराकडे पाहून धम्म निवडला, त्यांच्या भावंडांना आपण कोणते दार दाखवतो आहोत? आणि घर नसलेल्या माणसाचा इतका संशय येत असेल, तर बुद्धांना आपण कसे ओळखले? वर्षावासाचे महिने सोडले तर पंचेचाळीस वर्षे ते चालतच होते. भिक्खू संघ ज्या गावात गेला, तिथे आधी त्याला पाणी विचारले गेले असेल.

रविवारच्या बैठकीपुढे आमचे म्हणणे

एक, जयंतीच्या आधी विहाराच्या नळाचे कुलूप निघाले पाहिजे. यावर आम्ही तडजोड करणार नाही. बैठकीत आम्ही अल्पमतात राहिलो तरी पाणी आम्ही आमच्या घरातून भरून देऊ, आणि तसे जाहीर सांगून देऊ.

दोन, आधीचा अर्ज मागे घेऊन नवा अर्ज द्यावा: पिण्याचे पाणी, फिरती शौचालये, मुलांचा शाळाप्रवेश, रेशनकार्ड व जातीचे दाखले. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना भटक्या-विमुक्तांच्या घरांसाठीच आहे. तिचे कागद भरायला आमचे कार्यकर्ते बसतील.

तीन, या मे महिन्यात वेरूळची सहल काढावी. वस्तीतली मुले आणि पालांतली मुले एकाच गाडीत. वाटेत दौलताबाद लागेल. तिथे सगळ्यांना १९३४ ची हकीकत सांगू आणि सगळे एकाच बाटलीतून पाणी पिऊ.

कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फारसी, कारवाँ. तो आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी आपल्या चळवळीला हेच नाव दिले आणि ती मागे जाऊ देऊ नका असे बजावले. चळवळीचा कारवाँ पुढे न्यायचा तर त्याच्या वाटेवर भेटलेल्या, आपल्याहून मागे राहिलेल्या बिऱ्हाडाला सोबत घ्यावे लागते. त्याला हुसकावून मोकळ्या केलेल्या मैदानात जयंतीचा मंडप घालता येईल, पण त्या मंडपात बाबासाहेबांचे नाव घेताना आमची मान खाली असेल.

इंग्लंडमधल्या आमच्या साथीला आम्ही अर्जाची प्रत पाठवली. त्याने उलट एकच प्रश्न विचारला: "कुलूप निघालं का?"

रविवारी सकाळी दहा वाजता बैठक आहे. सर्वांनी यावे. पालांतल्या दोघांनाही आम्ही बोलावले आहे.

जय भीम.